पोहे आले की समजायचे

सोमवारी दुपारी जिंतूरच्या लॅपटॉप मेकॅनिकने माझ्यासाठी पोहे मागवले. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणणे त्याला जमत नाही. काम होणार असेल तर तो चहा पाजतो, होणार नसेल तर पोहे खाऊ घालतो. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

मला जुन्या गेमिंग लॅपटॉपमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड हवे होते. त्याने लॅपटॉप उघडून आत फुंकर मारली.

"कार्ड बोर्डालाच डाख देऊन बसवलंय, साहेब. लय घट्ट संबंध हाय."

"म्हणजे बदलता येणार नाही?"

"असं कुठं म्हनलो मी? तुमी खाऊन तर घ्या."

"भूक नाही. चहा सांगा."

त्याने मान खाली घालून माझ्या प्लेटीत लिंबू पिळले. शेजारचा टेलर डोकावला.

"अरारा, पोहे का?"

मी पोहे खाल्ले. नंतर एक चहा आला. तो मेकॅनिकने स्वतः प्यायला.