शेठला लावलेला फोन

हे आजवर कोणाच्या कानावर घातलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर मी तिसऱ्या वाक्याला आवाज चढवीन आणि विषय दुसरीकडे नेईन. मला माझं तोंड माहीत आहे.

आमच्या नात्यात सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक आहे — माझी बायको वंदना गेली ती तिच्या धाकट्या भावामुळे. मोहनने तो बोरिवलीचा तापवाला आणला, त्याच्या नादात वेळ गेला. ही गोष्ट सांगितली कोणी? मीच. सहा वर्षं सांगतोय. त्यात फारसं खोटं नाही. फक्त एक फोन गाळलाय.

आधी माझा धंदा समजून घ्या. घाटकोपरला माझं जुन्या एसी-फ्रीजचं दुकान आहे. हेल्परपासून सुरुवात केली, कोणी हात दिला नाही. भाव करण्यात मला मागे टाकणारा अजून भेटायचाय. माझ्या दोन युक्त्या. एक — सौदा अडला की उठायचं आणि दाराकडे चालायला लागायचं. समोरचा हाक मारतोच. दुसरी — ‘शेठला विचारतो’ म्हणून बाहेर जायचं, फोन कानाला लावायचा, दोन मिनिटं ‘हो शेठ, बरं शेठ’ करायचं आणि आत येऊन सांगायचं, शेठ नाही म्हणतात. शेठ कोणी नाही. शेठ मीच. वंदनाला हे माहीत होतं, ती फार हसायची. घरात काही मागायचं असलं की म्हणायची, “जरा शेठना विचारून सांगता का?”

तिच्या छातीत गाठ निघाली. हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या, पण बोलणं स्वच्छ. सलाइनमधून औषध, आठ वेळा, मग ऑपरेशन. पुढच्याच आठवड्यात सुरू करू म्हणाल्या. मी विचारलं, सहात नाही का होणार?

“काका, यात कमी-जास्त होत नाही.”

मी उठलो. वंदनाचा हात धरला आणि दाराकडे चालायला लागलो. हो — तेच केलं. लिफ्टपर्यंत मुद्दाम सावकाश गेलो. कोणी हाक मारली नाही. का मारेल? बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. वंदनाने एकदा मागे वळून पाहिलं. मी नाही पाहिलं.

त्याच आठवड्यात मोहन आला. त्याच्या इमारतीतल्या एका बाईंना बोरिवलीच्या माणसाचा गुण आला होता म्हणे. मोहन एवढंच म्हणाला, “भावोजी, एकदा विचारून तर बघूया.” तो माणूस एका सोसायटीच्या तळमजल्यावर बसायचा. सुई टोचून मुद्दाम ताप आणायचा. तापाने गाठ विरघळते, असं त्याचं म्हणणं. आठ सुया लागतील म्हणाला. मी म्हटलं, पाच. तो म्हणाला, चालेल, पाच.

मला केवढं बरं वाटलं. एवढा धंदा केलेला माणूस मी — पहिल्याच शब्दाला खाली येणाऱ्याचा एसी मी दुकानात चढू दिला नसता. कॉम्प्रेसर निकामी झालेला असतो, म्हणून तो उतरतो. हे मला कळत नव्हतं? कळत होतं. पण त्याने माझं ऐकलं होतं ना.

दर सोमवारी सकाळी सुई. दुपारपर्यंत मुलुंडच्या घरी तिला हुडहुडी भरायची, दात वाजायचे, मग ताप चढायचा — एकशे तीनच्या वर. नियम असा की तो उतरवायचा नाही. खिडक्या बंद, पंखा बंद, अंगावर दोन गोधड्या, आल्याचा काढा. तापाची गोळी नाही, कपाळावर पाण्याची पट्टीही नाही. मे महिना. भिंतीवर मीच बसवलेला एसी, बंद.

“एसीवाल्याची बायको उकडून मेली म्हणतील,” ती म्हणायची. “तुमच्या धंद्याची वाट लागेल हो.”

आता जे सांगतो त्याची लाज वेगळीच आहे. मला त्या सोमवारांची ओढ लागायची. लग्न झाल्यापासून दुपारचा मी तिच्याजवळ कधी बसलो होतो? दुकान बंद करून मी तिचा हात धरून बसायचो. तळहात तव्यासारखा तापलेला. ताप चढला की ती माहेरची मालवणी बोलायला लागायची, मला ‘अहो’ऐवजी ‘अरे’ म्हणायची. “अरे, खय जातंस? बस मरे.” मी बसायचो. आयुष्यात तेवढंच काय ते तिने सांगितलेलं मी ऐकलं.

दुसऱ्या सोमवारी मोहन आला. तिला बघून त्याचा चेहरा उतरला. “भावोजी, थांबवूया. हॉस्पिटलात जाऊ परत.”

“तूच आणलास ना माणूस? आता कच खातोस?” मी त्याला दारातूनच परत पाठवला.

तिसऱ्या सोमवारी तिने स्वतःच विषय काढला. ताप होता, पण शुद्ध साफ होती. अहोच म्हणाली.

“अहो, त्या मॅडमना फोन लावा ना. विचारा, अजून घेतात का मला.”

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. नंबर होता, फाइलवर लिहिलेला. मी तो लावला नाही. ज्या दुकानातून उठून आलो तिथे आपणहून परत जायचं? खालमानेने? मी फोन कानाला लावला आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो — हो मॅडम, बरं मॅडम. दोन मिनिटं. आत आलो आणि म्हणालो, “त्या म्हणाल्या, हा कोर्स पुरा करा, मग या.”

“असं म्हणाल्या? मग बरं.” तिने डोळे मिटले आणि काढ्याची वाटी हातात घेतली.

हाच तो फोन.

पाचवी सुई झाली तेव्हा तिला जिना उतरवत नव्हता. खुर्चीत बसवून खाली आणली आणि हॉस्पिटलात नेली. मॅडमनी तपासलं, बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, “मधे इतके दिवस का आला नाहीत?”

“तुम्हीच सांगितलंत ना, कोर्स पुरा करून या,” वंदना म्हणाली. “यांनी फोन केला होता.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग वंदनानेही पाहिलं. मॅडमनी पुन्हा लिहायला घेतलं — आता फक्त दुखणं कमी करायच्या गोळ्या.

टॅक्सीत मी काचेबाहेर बघत होतो. विक्रोळीच्या आसपास तिने माझा हात धरला. तळहात गार होता.

“काय हो,” ती म्हणाली, “शेठ काय म्हणाले होते त्या दिवशी?”

मी ड्रायव्हरला पुढचं वळण सांगितलं. तिनेही पुन्हा विचारलं नाही — ना त्या दिवशी, ना उरलेल्या दोन महिन्यांत. हात मात्र घरापर्यंत सोडला नाही.

बाराव्याला मी सगळ्या नातेवाइकांसमोर मोहनला नको ते बोललो. तू मारलीस तिला, असंही म्हणालो. तो मान खाली घालून उभा राहिला, चप्पल घातली आणि गेला. त्यानंतर आला नाही. बोरिवलीच्या विषयावरून त्याचं नाव निघालं तरी माझा आवाज अजून चढतो. तो स्वतःही मानतो की त्याच्यामुळे झालं. त्याच्या बायकोने एकदा तसं कळवलं होतं. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

सोमवारी मी दुपारी दुकान बंद ठेवतो. घरी येऊन त्या खोलीत बसतो, खिडक्या लावून, पंखा न लावता. घाम येतो. तिच्या हाताची ऊब त्यात कुठे नसते. मॅडमचा नंबर अजून त्या फाइलवर आहे, माझ्याच अक्षरात, ठळक लिहिलेला. तो मी एकदाही लावला नाही.