फिल्ममधून काढलेला जिना

ज्या माणसाला धमक्या येतात, त्याच्यावरची फिल्म त्याला सांभाळते की आणखी उघड्यावर आणते? मला खरंच सांगता येणार नाही. तरी लॅपटॉप घेऊन मागच्या शनिवारी नाशिकहून पहाटेची एसटी पकडली.

दादरला उतरून फुलबाजारात आमच्या जुन्या चाळीतल्या ताईसाठी अबोलीचा गजरा घेतला. मग बसने गिरगाव. ताईवरच्या माझ्या पहिल्या डॉक्युमेंटरीचं एडिटिंग करणारी मैत्रीण तिथे राहते. फिल्म लॅपटॉपवर घेतली, कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. दोघींचे दोनशे झाले, पण तर्री मागाल तेवढी.

उन्हाळ्यात लालबागला जाणार असाल तर रुमाल जवळ ठेवा. भाजलेल्या मिरच्यांचा खकाणा वळणावरच गाठतो. मला शिंक आली आणि दहावीचं वर्ष आठवलं. इथून आमची जुनी चाळ कुठे, ते मुद्दाम लिहीत नाही.

मालकांनी भाडेकरूंना दमदाटी करून बाहेर काढलं की ताई त्यांच्यासाठी कोर्टात उभी राहते; धमक्या त्यामुळेच येतात. संध्याकाळी ती मुलांचे क्लासही घेते. आमच्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. माझा फॉर्म तिनेच भरला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून. तेव्हा तिचं दार दिवसभर उघडं असायचं. आता मला कडी वाजवून नाव सांगावं लागलं.

"काय गो, किती बारीक झालंस! नाशकात जेवूक गावत नाय?"

कॉटवर लॅपटॉप ठेवला. धमक्या सुरू झाल्यापासून ताईची काळजी वाहणारे शेजारचे बबनकाकाही येऊन बसले. ताई स्वतःची चुरगळलेली साडी बघून हसत होती. पडद्यावर तिचा अख्खा दिवस होता आणि शेवटी तो जिना. कठड्यावरून येणारा पिवळा उजेड मी किती मायेने टिपला होता! काका मात्र हसेनात.

"दूध कधी आणते, क्लास कधी सोडते, कुठल्या जिन्याने एकटी चढते... पोरी, तू तर तिचं टाईमटेबलच छापलंस!"

मी फिल्म थांबवली. "ताई, चेहरा पुसट करू का?"

"तोंड कित्याक झाकतंस? मी चोरी केलंय काय? तोंड ठेव, नाव ठेव. जिनो काढ."

निघताना मी त्या तिसऱ्या पायरीवर थोडा वेळ बसले. पायरी मधोमध झिजलीय, तशीच थंड आहे. ही चाळही लवकरच पाडणार आहेत. या जिन्याचं दुसरं चित्रीकरण कुणाकडे नाही.

"चाळ पडल्यावर वापर, तोवर जपून ठेव," मैत्रीण फोनवर म्हणाली. पण तोवर डिस्क कुणाच्या हाती लागली तर?

नाशिकला परतून आठवडा झाला. दूध, क्लास, जिना काढून फिल्म आता अकरा मिनिटांची आहे. तीत ताई सरळ कॅमेऱ्यात बघून बोलते, नावासकट. जिन्याचं फुटेज मी परवा डिस्कवरूनही पुसून टाकलं.