शेटच्या जीपमध्ये मी बसलो

"पायांची काय कमी हाय तुमच्या पाड्यावर? पुढच्या टायमाला दुसरा आण."

आमच्या टीमचा मालक, शेट, मला हसत बोलला. लक्ष्या त्याच्यासमोर मातीत पडला होता. गुडघा भलतीकडं वळलेला. तोंडात माती. नुसता माझ्याकडं बघत होता.

लक्ष्या माझा चुलतभाऊ. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावरनं मीच त्याला शेटच्या टीममध्ये आणलं होतं. नव्वदनंतरची ती वर्षं. आमच्याकडं खेळून पोट भरणारा मी पहिलाच. कबड्डीत चढाई माझी, टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये पहिली ओव्हर माझी. दोन्हीचे पैसे शेट द्यायचा. बाकीची पोरं भात कापून झालं की वीटभट्टीवर जायची. मी जीपमधनं मॅचला जायचो. लाऊडस्पीकरवर माझं नाव कधी घेत नसत. "शेटचा जंगली वाघ" म्हणायचे. लोक टाळ्या पिटायचे. मला ते गोड लागायचं.

त्या दिवशी सकाळी शहापूरजवळ कबड्डी, दुपारी मुरबाडला क्रिकेटची फायनल. कबड्डीत लक्ष्याला चौघांनी धरलं आणि वरनं अंग टाकलं.

मी म्हटलं, "शेट, जीपनं याला दवाखान्यात नेऊ."

"आनि मॅच कोन खेळंल? तुझा बाप? बस गाडीत."

मी बसलो.

कोणी ढकललं नाय. हात धरून कोणी ओढलं नाय. आपणहून चढलो. मागं वळून बघायची हिंमत झाली नाय.

फायनल जिंकलो. मला खांद्यावर घेऊन नाचवलं. चषक शेटनं उचलला. तिकडं दुपार कलली तरी लक्ष्या कबड्डीच्या मंडपाच्या कडेला तसाच. मग कुणीतरी टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेला. पाय राहिला, पण वाकडा राहिला.

संध्याकाळी लक्ष्याच्या घरी गेलो तर त्याची आई, माझी काकी, चुलीपाशी बसलेली.

"तू व्हतास ना रे तिथं?"

"व्हतो."

तिनं तोंड फिरवून चुलीत लाकूड सारलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या हंगामात जीप पाड्याखाली आली. शेट उतरला नाय. नुसता हॉर्न.

"दुसरा कुठाय?"

लक्ष्याची चौकशी नाय. त्याचं नाव पण नाय. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. मी विचारलं, "शेट, माझं नाव काय?"

"अरे, वाघ तू माझा!"

"नाव सांगा."

नाय सांगता आलं. इतकी वर्षं खेळलो त्याच्यासाठी.

"दुसरा नाय मिळनार," मी म्हटलं. "आनि हा पयला पन नाय. मी येनार नाय."

शेटनं सगळ्या टीमवाल्यांना सांगून ठेवलं, याला घेऊ नका. मला कुणी बोलावलं नाय. कबड्डी सुटली, क्रिकेट सुटलं. मी पण भट्टीवर जाऊन विटा वाहिल्या. लक्ष्या माझ्याशी बोलत नाय. समोरनं आलो तर लंगडत वाट बदलतो. त्याला मी माफी मागून अडवत नाय. न बोलायचा हक्क त्याचा.

आता पाड्यावरच्या पोरापोरींना मी दोन्ही खेळ शिकवतो. टीमवाले अजून गाड्या घेऊन येतात. मी रस्त्यात आडवा होतो. "खाली उतरा. वर चला. पोराचं नाव विचारा. त्याच्या आईला सांगा, पडला तर कोन उचलनार. नायतर गाडी वळवा."

बरेचजण वळवतात. वळवू देत. मी हटणार नाय.