अहवालातली जपानी गाडी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. नातवंडं विचारायची, कारखान्यात तुम्ही काय करायचात? मी हंगामाच्या सुरुवातीला होणाऱ्या मोळीपूजनाच्या थाटाचं वर्णन करून वेळ मारून न्यायचो. आता डोळे अधू झालेत. लिहायचं तर आत्ताच.

सहकारी साखर कारखान्याच्या कचेरीत मी कारकून होतो. आमच्या अध्यक्षांना जपानी गाडी हवी होती. ती सरळ मागवणं तेव्हा जवळजवळ अशक्यच. वाट एकच होती. परदेशात नोकरी करून कायमचा परतणाऱ्याला आपली वापरलेली गाडी आणता यायची. मात्र ती त्याच्याच नावावर, त्याच्याच वापरात राहिली पाहिजे. काही वर्षं विकायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही.

असा माणूस माझ्या ओळखीचा होता. वडवणीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो आखातात ट्रक चालवायचा. अध्यक्षांचा निरोप मीच त्याला पत्रातून कळवला: माझ्यासाठी गाडी घेऊन कायमचा ये, कारखान्यात चालकाची पक्की नोकरी देतो. आई थकली होती, म्हणून तो आला. बंदरावरचे कागद मी भरले. ‘गाडी माझ्या स्वतःच्या वापरासाठी आहे’ या ओळीखाली सही करताना त्याचा हात थांबला.

“यात काही लफडं तर न्हाई ना बे?”

“मी हाय ना,” मी म्हणालो. त्यानं सही केली.

गाडी पांढरी होती, स्टिअरिंग डावीकडे. अध्यक्ष पुढं उजवीकडे बसायचे, म्हणून लोक थट्टा करायचे की आमचे अध्यक्ष हात न लावता गाडी चालवतात. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. जनावरांच्या छावण्या बघत अध्यक्ष त्याच गाडीतून हिंडायचे आणि माझा मित्र ती चालवायचा.

कारखान्याचा वार्षिक अहवाल दर वर्षी मीच तयार करत असे. त्या वर्षी ऊस नव्हता, हंगाम लवकर आटोपला, छापण्यासारखं काही नव्हतं. मी हार घातलेल्या गाडीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘दुष्काळी दौऱ्यांसाठी संस्थेची नवी जपानी गाडी’. नियम मला पाठ होता. तरी अहवाल सजवायच्या नादात ही ओळ मी कौतुकानं लिहिली. अहवाल रिवाजाप्रमाणे प्रत्येक सभासदाच्या घरी गेला. त्यांतल्या अध्यक्षांच्या कुणा विरोधकानं एक प्रत मुंबईला कस्टमवाल्यांकडे पाठवली.

दोन अधिकारी आले. तेच पान उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी मला आत बोलावलं, दार लावलं. ओरडले नाहीत. असल्या सालात बाहेर कुठं नोकरी मिळते का, एवढंच विचारलं. मी जबाब लिहून दिला: गाडीमालकानं आपल्या मर्जीनं गाडी संस्थेला दिली, ती अशी देता येत नाही हा नियम आम्हाला ठाऊक नव्हता. तोच नियम मी अध्यक्षांना दोनदा वाचून दाखवला होता.

गाडी जप्त झाली. सगळा दोष मित्रावर आला. त्याची नोकरी गेली, कस्टमच्या खटल्यात पासपोर्ट अडकला, त्यामुळं आखाताची वाटही बंद झाली. दसरा झाल्यावर तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला.

चारेक वर्षांनी मांजरसुंब्याला मी एसटीची वाट बघत होतो. तोडकऱ्यांचा ट्रॅक्टर ढाब्यापाशी थांबला. ट्रॉलीतल्या बोचक्यांवरून तो उतरला. मला बघून हसला आणि दोन चहा सांगितले. उसाच्या पाचटानं त्याचे हात ओरखडले होते. माझं वाक्य तयार होतं, वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं. पण आधी तोच बोलला.

“त्या फोटोचं लई मनाला लावून घेऊ नका. तुमी तरी काय करणार, साहेब. नोकरदार मानूस.”

जबाबाचं त्याला ठाऊकच नव्हतं. आणि तोवर त्यानं मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. ‘चहा निवांत संपवा’ असं म्हणून तो निघाला. मी उठलोसुद्धा नाही. त्याच हंगामात तो उसाच्या फडावर वारला.

“जबाब मी लिहून दिला, गड्या. माझं चुकलं.” एवढंच म्हणायचं होतं.