आधी आक्काची दाढ

माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना त्याचा गाल एवढा सुजला, की तिकडचा डोळा बारीक झाला. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, वडील पलटणीत होते, आणि आमच्या घरात दातदुखीवर एकच औषध होतं, लवंग. लवंगेनं काही होईना. पोरगं नुसत्या पेजेवर आलं, तीसुद्धा रडत रडत गिळायचं.

शेवटी आईनं आम्हां दोघांना कोरेगावच्या स्टँडवर साताऱ्याच्या एसटीत घातलं आणि स्वतःही चढली. त्याला सांगितलं, कंदी पेढं खायला चाललोय. ज्याला तोंड उघडता येत नाही त्याला पेढ्यांचं आमिष! पण आमच्याकडं पोरांशी खरं बोलायची पद्धतच नव्हती. सुई टोचायची असली की जत्रा, केस कापायचे असले की मामाचा गाव.

दवाखान्यात पाय ठेवला आणि त्याच्या नाकात स्पिरिटचा वास शिरला. मग काय विचारता! खुर्चीत बसवलं तर खाली सरकला, आईनं धरलं तर तिच्या पोटात गुच्चे घातले, आणि डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं तर कचकन चावला. डॉक्टर बिचारे भले माणूस. बोट झटकत म्हणाले, "बाई, दाढेत पू झालाय. आजच काढायला हवी. पण धरून-बांधून काढायची माझी तयारी नाही. हा ऐकतो तरी कुणाचं?"

"हिचं," आईनं माझ्याकडं बोट केलं. "माजं न्हाई, पर हिचं ऐकतोय, डाक्टर."

मी अकरा वर्षांची. शहाणपण अंगात मावत नव्हतं. "भ्यायचं काय त्यात? कायबी दुखत न्हाई," म्हणत मी ऐटीत खुर्चीत चढले आणि आ केला. डॉक्टरांनी तोंडात आरसा फिरवला आणि एका दाढेवर टकटक केलं.

"अगं, तुझीही खालची दाढ पार पोखरलीय. हीसुद्धा काढावी लागणार."

आली का पंचाईत! मी आईकडं बघितलं. ती भावाच्या सुजल्या गालावरून नुसता हात फिरवत राहिली. मी रडले तर हा जन्मात त्या खुर्चीत बसायचा नाही, एवढं मला कळत होतं. मी त्याला जवळ बोलावलं, त्याचा हात धरला आणि म्हणाले, "काढा."

सुई हिरडीत शिरली तेव्हा ब्रह्मांड आठवलं. दाढ निघताना कानात कडकड वाजलं. पण मी हूं की चूं केलं नाही. कापसाचा बोळा दाताखाली धरून त्याच्याकडं बघून हसलेसुद्धा. कसलं ते हसू, देव जाणे.

डॉक्टर त्याला म्हणाले, "बघितलंस ना ताईनं कसं केलं? का परत दाखवायचं?"

पोरगं ताडकन पुढं झालं, आपलं आपण खुर्चीत चढलं आणि आ वासून बसलं. सुई टोचली, दाढ उपटली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तोंडातून आवाज नाही. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली. डॉक्टरांनी पाठ थोपटली ती मात्र माझी, आणि मीही फुशारून गेले.

परतीच्या एसटीत बधिरपणा उतरला आणि कळ सुरू झाली. आई पुढच्या बाकावर पेंगत होती. मला आवरेना. खिडकीकडं तोंड करून मी रडायला लागले. त्यानं माझी बाही ओढली.

"आक्का, लय दुखतंय?"

"न्हाई रं."

"मला ठावं हाय. दाढ काडताना तू माजा हात लय आवळला हुतास."

मला नवलच वाटलं. "मग ठावं असून बसलास कसा रं? रडलास बी न्हाई."

तो गालातला बोळा जिभेनं बाजूला सारत म्हणाला, "मी रडलो असतो तर त्येनी तुजी आणिक एक काडून दाखवली असती."