धोंडूच्या चपला

धाकटी डहाणूच्या धोंडूची जीभ तिखट आणि जीव मऊ, पण जीव कोणाला दाखवायची त्याला सवय नव्हती. प्रितेशने, त्याच्या मुलाने, २०१५ साली जुनी लाकडी होडी मोडीत काढून फायबरची आणली, तेव्हा धोंडूने भर बंदरावर जाहीर केलं, "ह्या प्लास्टिकच्या टबात मी पाय ठेवणार नाय. ठेवलाच तर चपला घालून ठेवीन!" होडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चपला घालून कोणी चढत नाही. बंदर खो-खो हसलं. प्रितेश हसला नाही. बाप कधीतरी चढेल म्हणून तो दोन वर्षं वाट बघत राहिला आणि बाप किनाऱ्यावर बसून टबाला नावं ठेवत राहिला.

यंदा नारळी पौर्णिमेआधी होडी आतून रंगवायची होती. पावसाने उघडीप दिली तशी प्रितेश आणि त्याची बायको नूतन आत उतरली. आधी साबणाच्या पाण्याने मासळीचा चिकटा काढला. मग जुन्या रंगाची चकाकी जाईपर्यंत पॉलिश पेपरने घासलं, कारण गुळगुळीत अंगावर नवा रंग धरत नाही. धोंडू होडीवर ताणलेल्या ताडपत्रीच्या कडेला बसून सूचना देत होता. कोणी मागितल्या नव्हत्या.

दुपारी प्रितेश रंग आणायला डहाणू रोडला गेला, नूतन घरी गेली. धोंडूने सहज आत डोकावलं. होडी पांढरीफटक, कोरडी ठणठणीत! लाकडी होडी अशी सुकली की तिला मासळीचं तेल चोळायचं, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलेलं. टब झाला म्हणून काय, त्याला तहान लागत नसेल? इकडेतिकडे बघत त्याने घरून बाटली आणली आणि तान्ह्या पोराला चोळावं तसं होडीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तेल चोळलं. तेवढ्यात बाइकचा आवाज आला. तो झटकन उतरला आणि लांब जाऊन बसला.

प्रितेशने ब्रश फिरवला, तर रंग तेलावरून जागोजागी मागे सरकून त्यात गोल भोकं पडायला लागली. त्याने बोट लावून वास घेतला आणि तो भडकलाच.

"कोणी केला हा गाढवपणा? आता परत धुवा, परत घासा! पौर्णिमा तोंडावर आलीय!"

"माझ्याकडे काय बघतोस?" धोंडू म्हणाला. "मी तुझ्या टबात पाय ठेवत नाय, गावाला ठाऊक आहे."

तेवढ्यात नूतन आली. तिने सासऱ्याच्या पायांकडे पाहिलं.

"बाबा, तुमच्या चपला कुठे?"

धोंडूने खाली पाहिलं. पाय अनवाणी होते. चपला होडीच्या बुडाशी वाळूत होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा जोडीने, नीट लावलेल्या.

प्रितेश त्या चपलांकडे बघत राहिला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"चपला काढून चढलास?"

"मग काय घालून चढू?" धोंडू खेकसला. "आपली होडी आहे!"

प्रितेशने थिनरने भिजवलेलं फडकं बापाच्या हातात दिलं. "मग चल, आपल्या होडीचं तेल पूस."

धोंडू कुरकुरत आत चढला, आणि फायबरला तेल चालत नाही हे आधीच का सांगितलं नाही म्हणून दिवेलागणीपर्यंत पोरालाच बोल लावत बसला.