टेपचं टोक नाकाला

गळ्यातली टेप काढून समोरच्याच्या नाकाला लावल्याशिवाय ती फोटो काढायचीच नाही. म्हणून शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली टेपबाई म्हणायची. कॅमेरा स्वस्तातला, प्लास्टिकचा. भिंग पुढंमागं करायची सोयच नाही. पाच फुटांच्या आत कुणी आलं की चेहरा पुसल्यासारखा. आणि टेप नेमकी पाच फुटांची! पहिल्या रोलात निम्म्या गल्लीची मुंडकी उडाली, तेव्हा तिनं ओळखलं, बघायची खिडकी एक दाखवते नि भिंग दुसरंच टिपतं. मग शिलाईसाठी कापडाला सोडावी तशी डोक्यावर चार बोटं जागा सोडायला लागली. माणसाला उन्हात नाही, दारातल्या सावलीत उभं करायची, म्हणजे डोळे मिचमिचत नाहीत. टेप गुंडाळायची, कोपरं बरगडीला, श्वास बंद, खट्. रोल धुऊन देणारा स्टुडिओवाला नाक मुरडायचा आणि तिचे फोटो दोनदा बघायचा.

त्या दिवशी रोलात एकच फोटो उरला होता आणि दारात थोरली जाऊ उभी होती. उद्या तिच्या जबड्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही. एरवी घर दणाणून सोडणारं तिचं हसू. आज ओठ शिवल्यासारखे.

"ताई, जरा हसा की."

"हसायला काय झालंय? उरक लवकर."

टेपबाईनं टोक तिच्या हाती दिलं. तिनं ते नाकाला लावलं, ही मागं सरकली.

"एक ब्लाउज कधी धड बसला नाही तुझ्या हातचा, आणि आता नाकाला झबलं शिवतेस होय गं?"

"नाकच तेवढं आहे ताई, कापड पुरायचं नाही!"

जाऊबाई खदखदून हसली. टेप गुंडाळायला सवड कुठली? खट्.

पुढचे दहा दिवस टेपबाईच्या जिवाला घोर. हात हलला असला तर? ते हसू परत कुठून आणायचं?

फोटो धुऊन आला. डोकं शाबूत, हसू दातांसकट लख्ख, बोटांतून टेप लोंबतेय. टेपबाई तशीच दवाखान्यात गेली. जाऊबाईचा अर्धा चेहरा पट्टीत, बोलायला बंदी. तिनं फोटो बराच वेळ न्याहाळला. मग हात लांब करून टेपबाईच्या गळ्यातली टेप ओढली आणि टोक नाकाला लावलं.

"आत्ता? असा?"

जाऊबाईनं डोळे वटारले.

"अहो, थांबा, रोल तरी घालू द्या," म्हणत टेपबाईनं पिशवीतून कॅमेरा काढला, आणि खाट खिडकीकडं सरकवायला नर्सला हाक मारली.